पंचावन्नच्या खाली नाही

मी, बांग मालसुक, वय वर्षे बहात्तर, कै. शिन दोंगवू यांची पत्नी, राहणार मुरुंग वस्ती, इमारत ४, घर ११०२, गोयांग शहर, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी हात धरलेला नसताना आणि कोणी कान भरलेले नसताना, हा कागद अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. आमच्या कायद्यात असा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वहस्ते लिहावा लागतो. तारीख, पत्ता, नाव घालावे लागते आणि खाली शिक्का उमटवावा लागतो. खोडाखोड केली तर तिथेही शिक्का हवा. साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, कारण माझ्या मुलांना मी ओळखते.

पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी मुलांना एक सांगितले आणि मला दुसरे. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागले तरी पुढचा उन्हाळा माझा नाही. लिहायला सोमवारी, १४ ऑक्टोबरला बसले आहे. दमले की थांबते, त्यामुळे किती दिवस लागतील ते सांगता येत नाही.

कलम १. सन २००६ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घराची किंमत पंचावन्न कोटी वॉन धरून तेसॉकला अमुक कोटी, ह्येरिमला तमुक कोटी, देवळाला इतके, असे भरघोस दान केले होते. नसलेले पैसे वाटायला हात सढळ असतो. तो कागद रद्द समजावा.

कलम २. घर. वर लिहिलेले घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. १९९२ साली सरकारी सोडतीत आमचा नंबर लागला. माझे यजमान शहर बसवर चालक होते. नंबर लागल्याची बातमी त्यांना वाटेत कुठल्याशा थांब्यावर कळली. त्यांनी फेरी पूर्ण केली, बस डेपोत लावली, हात धुतले आणि मग मला फोन केला. ते असेच होते.

१९९५च्या थंडीत आम्ही राहायला आलो तेव्हा वस्तीतली झाडे टेकूंवर उभी होती. पुढची अकरा वर्षे आम्ही घरासाठी विशेष काही केले नाही. भात रांधला, कपडे धुतले, झोपलो. घर मात्र वर्षागणिक महाग होत गेले. माणसाला फुकट मिळाले की ते आपल्या अकलेने मिळाले असे वाटू लागते. आमच्या चारशे कुटुंबांना तसेच वाटले. त्यातही आम्ही अकराव्या मजल्यावरचे. आमच्याकडे अशा उंच मजल्यांना राजमजले म्हणतात, आणि तिथले लोक लिफ्टमध्ये जरा छाती काढून उभे राहतात. मीही राहत असे.

आज हे घर सदतीस कोटींना जाईल, तेही कोणी घेतले तर.

मुलगा शिन तेसॉक आणि मुलगी शिन ह्येरिम या दोघांना घर निम्मे निम्मे. ह्येरिमला इथे राहायचे असल्यास तिने तेसॉकचा हिस्सा विकत घ्यावा. भाव कोणता, यावरून भांडण होणार हे मला दिसते आहे, म्हणून लिहून ठेवते. २००६ सालचा नाही, दलालाच्या फळ्यावरचा नाही, तेसॉकच्या मनातला तर मुळीच नाही. मी जाईन त्याच्या आधी वस्तीत जो शेवटचा सौदा खरोखर झाला असेल, त्याचा भाव.

हे कलम सुचले ते गेल्या महिन्यात, चुसॉकच्या सणाला. पितरांपुढचे ताट उचलून आम्ही जेवायला बसलो होतो. तेसॉकने २००८ मध्ये कर्ज काढून शेजारच्या शहरात घर घेतले आहे. ह्येरिम भाड्याच्या घरात राहते आणि दर दोन वर्षांनी घरमालक तिचे डिपॉझिट वाढवतो. तेसॉकने पहिलाच घास घेतला आणि विचारले,

"आई, खाली दलालाच्या बोर्डावर काय लागलंय? सदतीस का अडतीस?"

ह्येरिम म्हणाली, "दादा, आधी तिची तब्येत तरी विचार."

"तब्येतीचं डॉक्टरला विचारलंय मी. भाव डॉक्टर सांगत नाही."

"सदतीस आहे. आणि अजून पडू दे. चांगला पंचवीसवर येऊ दे, म्हणजे आमच्यासारख्यांनापण कुठंतरी छप्पर मिळेल."

"तुझ्या जिभेला काही हाड? सणासुदीचं बोलतेस काय! हे आपलंच घर आहे ना?"

"तुझं असेल. मी जन्माची भाडेकरू. तू भाव चढावा म्हणून हात जोडतोस, मी उतरावा म्हणून. वरच्याचीपण पंचाईत."

मी दोघांना भाताचे उंडे वाढले. घराचा भाव कोणताही लागला तरी दोघांपैकी एकाच्या घरी नेहमीच सुतक असणार आणि दुसऱ्याच्या घरी सण. दोघेही माझ्याच पोटचे. मला त्या दिवशी त्या आकड्याचे ना सुख वाटले ना दुःख. हे नवीनच होते.

कलम ३. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी करावा. तीन दिवस पुरेसे आहेत. उरेल ते दोघांनी वाटून घ्यावे. अंत्यविधीला येणाऱ्यांशी घराच्या भावाबद्दल बोलू नये.

कलम ४. हत्यारांची पेटी. यजमानांची निळी पेटी, पाने, पक्कड आणि सांधे घट्ट करायची फीत यांसह, आमच्या इमारतीचे पहारेकरी गु इल्मान यांना द्यायची होती, कारण वस्तीत ती वापरता येणारे ते एकटेच उरले आहेत. पण ते माझे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवलेले बरे दिसत नाही. म्हणून पेटी तेसॉकला. त्याने आजवर स्क्रू पिळलेला नाही. आता शिकावे, कारण या घराचे नळ गळतात.

नळांबद्दल ह्येरिमला सांगितले पाहिजे, ती राहायला येणार असेल तर. २००९ मध्ये सहाव्या मजल्यावर पाइप फुटला आणि खालच्या चार घरांची छते भिजली. महिला मंडळाची तातडीची सभा झाली. ठराव असा, की पाणी गळाले हे बाहेर कोणाला सांगायचे नाही. नळवाल्याला बजावले की गाडी मागच्या गल्लीत लाव आणि गाडीवरच्या पाटीवर चादर टाक. तो म्हणाला, "बाई, मी काय चोरी करायला आलोय?" आम्ही त्याला चहा दिला, पण चादर टाकायलाच लावली. नवे पाइप घालायला जमवलेला निधी त्याच वर्षी आम्ही आठही इमारतींवर बांधकाम कंपनीचे नवे, ऐटदार नाव रंगवण्यात घातला. नावाने भाव वाढतो असे सगळीकडे बोलले जात होते. नाव अजून छान दिसते.

कलम ५. महिला मंडळाच्या वह्या. मी २००६ ते २०१२ या काळात मुरुंग वस्ती महिला मंडळाची अध्यक्ष होते. माझे अक्षर चांगले आहे, तेवढ्यावरच मला निवडले होते. निवडल्याच्या वर्षीच, २००६च्या शरद ऋतूत, मी आठही लिफ्टमध्ये स्वहस्ते लिहून लावले: "आपल्या घराची किंमत आपणच राखू या. पंचावन्न कोटींच्या खाली कोणीही घर विकायला लावू नये." नुसते लावून थांबले नाही. दलालांच्या दुकानांतून आम्ही चौघीजणी फिरायचो. ज्याच्या फळ्यावर कमी आकडा दिसेल त्याला वस्तीतले एकही घर द्यायचे नाही, असा आमचा नियम होता.

दोन वर्षांनी सगळीकडे भाव पडू लागला. आमचा फळा पंचावन्नवरच. तीन वर्षांत वस्तीत एकही सौदा झाला नाही, आणि आम्ही जिन्यात भेटलो की एकमेकींना सांगायचो, बघा, आपल्याकडे भाव टिकून आहे. ज्या दुकानात गिऱ्हाईकच येत नाही तिथे भाव टिकणारच. हे साधे गणित चार मुलांना वाढवलेल्या बायकांना समजत नव्हते, असे नाही. मोठ्याने म्हणायचे कोणी, एवढाच प्रश्न होता.

या वह्या ह्येरिमने जाळू नयेत. २०१२च्या वहीतले सप्टेंबरचे पान जपून ठेवावे. कारण पुढे येईल.

कलम ६. जुने हिशेब. फाटकाजवळचे दलाल प्यो यांनी एकदा फळ्यावर कमी आकडा लावला म्हणून त्यांच्यावर माझा सहा वर्षे राग होता. तो मी सोडला आहे. त्यांचा माझ्यावर असेल तर तो योग्य आहे. धाकट्या नणंदेवरचा राग मात्र कायम ठेवला आहे, त्याचा घराशी संबंध नाही.

कलम ७. ओ जॉमरे. हिचे काय करायचे यासाठीच खरे तर मी हा कागद लिहायला घेतला.

जॉमरे आणि मी एकाच दिवशी वस्तीत आलो. ती ३०२ मध्ये, मी ११०२ मध्ये, म्हणजे एकाच रांगेत, तिच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर आठ मजल्यांनी माझे. हमालांच्या घोळात तिची परात माझ्याकडे आली आणि माझी उशी तिच्याकडे गेली, तिथून ओळख. आमच्याकडे बायकांना मुलांच्या नावाने हाक मारतात. सगळ्यांना ती संगुकची आई आणि मी तेसॉकची आई. एकमेकींना नावाने हाक मारणाऱ्या आम्ही दोघीच.

२०१०च्या शेवटी तिच्या यजमानांना पक्षाघात झाला. त्यांचे विजेच्या सामानाचे दुकान होते, ते बंद पडले. बँकेचा हप्ता मात्र चालू राहिला. पुढच्या फेब्रुवारीत ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बसली नाही.

"मालसुक, मी प्योकडं घर लावलंय. पंचेचाळीसला. फळ्यावर नाही, त्याच्या वहीत. दुसऱ्याकडनं कळायला नको म्हणून सांगतेय."

"पंचावन्न ठरलंय आपलं."

"तू ठरवलंस. मी मान हलवली होती."

"उन्हाळ्यापर्यंत थांब की. चढेल."

"तू थांब. तुझ्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. मला ह्यांची कूस बदलायला माणूस ठेवायचाय, त्याला काय पंचावन्नचा बोर्ड दाखवू?"

ती गेली.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी अकरा वाजता प्यो गिऱ्हाईक घेऊन आला. तरुण नवरा-बायको होते, बायको सहा-सात महिन्यांची गरोदर. प्यो गाडी लावायला मागे गेला आणि ते दोघे लिफ्टपाशी उभे राहिले. मी तिथे झाडू घेऊन होते. त्या आठवड्यात झाडायची पाळी माझी नव्हती.

"कितव्या मजल्यावर जायचंय, बाळ?"

"तिसऱ्या, काकू. ३०२."

"ते घर? अगं, ते काल गेलं की."

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "पण दलाल तर म्हणाले..."

"दलालांचं काय ऐकता? तुम्हाला वर नेतील आणि भलतंच काहीतरी गळ्यात मारतील. एवढ्या अवघडलेल्या बाईला कशाला फिरवताय?"

ते निघून गेले. प्यो आला तेव्हा त्याला मी सांगितले की पुन्हा पंचेचाळीसचे गिऱ्हाईक आणलेस तर चारशे घरांची दारे तुला बंद. त्याची दोन मुले शाळेत होती. त्याने मान खाली घातली.

मग मी तिसऱ्या मजल्यावर गेले. जॉमरेने घर घासूनपुसून ठेवले होते. यजमानांना आतल्या खोलीत नेऊन दार लावले होते, आजारी माणूस दिसला की लोक भाव पाडून मागतात म्हणून. टेबलावर बशीत नासपतीच्या फोडी होत्या आणि प्रत्येक फोडीला काडी टोचलेली होती.

"आलेच नाहीत गं," ती म्हणाली.

"आजकालची पोरं. आज हो म्हणतात, उद्या नाही."

"तू खा. काळ्या पडायला लागल्यात."

मी चार फोडी खाल्ल्या.

आता जे लिहिते ते मुलांनाही माहीत नाही. त्याच महिन्यात मी हे घर दोन स्टेशने पलीकडच्या एका दलालाकडे, आडनाव वेगळे सांगून, सत्तेचाळीसला लावले होते. तेसॉक कर्जात बुडत होता आणि दर रविवारी फोनवर रडत होता. बाकीच्या बायकांना पंचावन्न सांगायचे आणि आपण सत्तेचाळीसला सटकायचे, असा माझा बेत होता. तिसरा मजला पंचेचाळीसला विकला गेला असता, आणि सौद्याचा आकडा तर सरकारच जाहीर करते, तर त्याच रांगेतल्या अकराव्याला सत्तेचाळीस कोणी दिले नसते. त्या सकाळी माझ्या हातात झाडू होता तो वस्तीसाठी नव्हता. माझ्या घराला पुढे गिऱ्हाईक मिळालेच नाही, तो भाग निराळा.

सप्टेंबर २०१२ मध्ये बँकेने ३०२चा लिलाव केला. एकतीसला गेले. जॉमरे यजमानांना घेऊन पाजू शहरात राहायला गेली. त्या लिलावाचा आकडा प्रत्येक दलालाच्या तोंडी झाला आणि त्यानंतर कोणीही आमच्याकडे एकतीसपासूनच बोलायला सुरुवात करी. सगळ्या वस्तीने जॉमरेच्या नावाने बोटे मोडली. मी अध्यक्ष म्हणून वहीत लिहिले: "घर ३०२च्या बेजबाबदार वागण्यामुळे वस्तीचे नुकसान झाले." सुंदर अक्षरात. ते हेच पान.

या जानेवारीत तिचे यजमान गेले. मी अंत्यविधीला गेले नाही, पांढऱ्या पाकिटात पैसे घालून टपालाने पाठवले. पाकीट न उघडता परत आले.

चुसॉकनंतर मी दोन बस बदलून पाजूला गेले. शेवयांच्या खानावळीमागे तिची एक खोली आहे. तिथे ती खानावळीसाठी लसूण सोलत बसली होती. मी उंबऱ्यातच बसले.

"त्या पोरांना मी परत पाठवलं होतं. घर गेलं म्हणून सांगितलं."

तिने मान वर केली नाही. "माहितीय. प्यो महिन्याभरात येऊन सांगून गेला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबले. आधी महिनाभर थांबले. मग घर जाईपर्यंत. मग ह्यांना पोचवेपर्यंत. मग म्हटलं, जाऊ दे."

मी सत्तेचाळीसचे सांगितले. ते तिला माहीत नव्हते. तिचा हात थांबला.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "राजमजल्याचे दोन जास्त."

मी म्हटले, माझ्याकडे राहायला चल, मी गेल्यावरही तू असेपर्यंत कोणी तुला हलवणार नाही, मी तसे लिहून ठेवते.

"तुझं घर नको मला. तिथं लिफ्टमध्ये मी शिरले की बायका गप्प होतात. मागं एकदा टपाल न्यायला आले होते, तर ८०१वाली दुसरीला काय म्हणाली माहितीय? 'हीच ती एकतीसवाली.' सतरा वर्षं मी तिथं संगुकची आई होते, मालसुक. माझ्या हातचं लोणचं खाल्लंय त्या बाईनं."

"मग काय करू सांग."

"तू त्या लिफ्टमध्ये पंचावन्न लिहून लावलं होतंस ना? तसंच हे लिही. सगळं. सत्तेचाळीससुद्धा."

"लिहीन."

"कधी?"

मी म्हटले, माझी बस चुकेल. आणि उठले.

कलम ८. माझ्या गच्चीतल्या सोया सॉसच्या पाच बरण्या, मातीच्या, झाकणांसह, जॉमरेच्या आहेत. त्यांतला खारवलेला रस आम्ही दोघींनी १९९६ पासून घालत आणला. लिलावाच्या गडबडीत तिला त्या नेता आल्या नाहीत. या मी तिला देत नाही, परत करते आहे. तेसॉकने स्वतः गाडीतून पोचवाव्यात आणि वाटेत हिंदकळू देऊ नयेत.

~~कलम ९. माझ्या मृत्यूनंतर तीन दिवसांत ह्येरिमने पुढील सूचना आठही लिफ्टमध्ये लावावी. ती सात दिवस राहिल्याखेरीज घराची वाटणी होऊ नये. मजकूर: "इमारत ४, घर ११०२, बांग मालसुक हिच्याकडून. मार्च २०११ मध्ये घर ३०२ला पंचेचाळीस कोटींचे गिऱ्हाईक आले होते. घर विकले गेले असे खोटे सांगून मी ते परत पाठवले. त्याच महिन्यात मी माझे घर बाहेरच्या दलालाकडे सत्तेचाळीसला गुपचूप लावले होते. ३०२ एकतीसला गेले ते संगुकच्या आईमुळे नव्हे, माझ्यामुळे. मंडळाच्या वहीत तिच्याबद्दल मी लिहिलेले खोटे आहे."~~

कलम ९ मी स्वतः खोडले आहे. खोडलेल्या जागी माझा शिक्का आहे. कारण पुढीलप्रमाणे.

काल, बुधवारी दुपारी, साक्षीसाठी गु इल्मान यांना वर बोलावले. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. सातवे कलम वाचून पान उलटले. नवव्यावर थांबले.

"आजी, हे व्हायचं नाही."

"का?"

"लिफ्टमधल्या नोटिशीवर वस्तीच्या कार्यालयाचा शिक्का लागतो. शिक्क्यासाठी अर्जदारानं स्वतः यायचं, घर नंबर घालायचा, सही करायची. बिनशिक्क्याचा कागद दिसला की मी फाडतो. तुम्हीच केला होता हा नियम."

"मी तेव्हा मेलेली असेन."

"तेच म्हणतोय. मेलेल्याच्या नावानं शिक्का मारत नाहीत. ह्येरिमताईनं आपल्या नावानं लावला, तर तो तिचा कागद झाला. तुमचा कसा?"

मला त्यांचा राग आला. मग माझ्या लक्षात आले की नववे कलम मी ज्या कारणासाठी लिहिले होते ते त्यांना कळले आहे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोक वाचतील तेव्हा मी नसेन, एवढ्याचसाठी ते कलम होते. जॉमरेने "कधी" विचारले होते, त्याला मी "मेल्यावर" असे उत्तर दिले होते.

गु यांनी घड्याळ पाहिले. "कार्यालय सहापर्यंत उघडं असतं," ते म्हणाले. सव्वाचार झाले होते.

कार्यालयातल्या मुलीने मजकूर दोनदा वाचला. "आजी, खरंच लावायचंय? या आठवड्यात दोन घरं बघायला लोक येणारेत." मी सही केली. तिने आठ कागदांवर शिक्का मारला, १७ ऑक्टोबर ते २३ ऑक्टोबर. आज सकाळी सात इमारतींत गु यांनी लावले. आमच्या इमारतीतला मी लावला. हात वर धरवत नव्हता, म्हणून जरा खाली लागला आहे, पण वाचता येतो.

पहिली वाचणारी ८०१वालीच निघाली. मी लिफ्टमध्येच होते.

"ताई, हे आत्ताच लावायला हवं होतं का? महिनाअखेरीस आमच्याकडं गिऱ्हाईक येतंय. लोक काय म्हणतील, असल्या बायका राहतात इथं?"

"येऊ दे गिऱ्हाईक. मी परत पाठवणार नाही."

आठवा मजला आला. ती उतरली नाही. दार पुन्हा मिटले आणि आम्ही दोघी अकराव्यापर्यंत गेलो.

"म्हणजे ती... संगुकची आई..." ती म्हणाली. परत खाली जाताना ती कागदाकडे पाठ करून उभी राहिल्याचे मी पाहिले. त्या नवरा-बायको दोघांचे पेन्शन त्या घरात अडकले आहे. मला तिचाही राग नाही.

घरी येऊन जॉमरेला फोन केला.

"लावलं," मी म्हटले.

तिकडून खानावळीतल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"सत्तेचाळीसपण?"

"सत्तेचाळीसपण."

"शिक्का?"

"आहे. तेवीस तारखेपर्यंतचा."

"उद्या येते. डोळ्यांनी वाचल्याशिवाय तुझ्यावर विश्वास ठेवायची नाही मी."

"वाचून वर येशील?"

"वाचू तर दे आधी."

तिने फोन ठेवला. मी खुर्चीत बसून रडले. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते, पण लिहिले.

येणेप्रमाणे जे माझे होते ते मी वाटले आहे. जॉमरे उद्या लिफ्टमधला कागद वाचून वर येईल की खालूनच परत फिरेल, हे माझ्या मालकीचे नाही, म्हणून त्याचे कलम केलेले नाही. भातात घालायचे काळे सोयाबीन दोघींपुरते भिजत टाकून मग ही सही करत आहे.

लिहून ठेवणार: बांग मालसुक (सही व शिक्का)
इमारत ४, घर ११०२, मुरुंग वस्ती, गोयांग

समक्ष साक्षीदार:
१. गु इल्मान, पहारेकरी, इमारत ४ (सही)
२. मा सुनही, फाटकाजवळच्या औषधांच्या दुकानाची मालकीण (सही). मी याच वस्तीत घरमालक आहे, आणि हा कागद पूर्ण वाचून सही केली आहे.

गुरुवार, दिनांक १७ ऑक्टोबर २०१३